अवकाळीच्या दिवसांत पक्षी कुठे शोधायचे

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत महाराष्ट्रात पक्ष्यांची दुहेरी वर्दळ असते. हिवाळ्यासाठी आलेले पाहुणे परतीची तयारी करत असतात आणि इथले रहिवासी जोड्या जमवून घरट्याला लागलेले असतात. पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असते. पक्षी बघणाऱ्यासाठी याहून भरलेला काळ वर्षात नाही. नेमकी याच दिवसांत हवा भरवशाची नसते. पहाटे स्वेटर लागतो, दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि तिसऱ्या दिवशी गारा पडतात.

अशा वेळी पुष्कळ जण अंदाजात ढग दिसला की बेत रद्द करतात. बाकीचे हवा काहीही असो, ठरलेल्या तलावावर ठरलेल्या वेळी जातात आणि फारसं काही न बघता परततात. या दिवसांत जागा आठवडाभर आधी ठरवूच नये. आदल्या रात्री वारा आणि ढग बघावेत आणि मग उद्या माळावर जायचं, तलावावर, फुललेल्या झाडापाशी की खाडीवर, ते ठरवावं.

हवा अशी का वागते

हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाचे पट्टे इराण, पाकिस्तान ओलांडून उत्तर भारताकडे सरकतात. यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांचा पाऊस आणि बर्फ मुख्यतः हिमालयात पडतो. एखादा विक्षोभ खोल असला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे मध्य भारतात शिरले, तर त्याची झळ मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्राला बसते. खाली जमीन तापलेली, वर हवा थंड आणि मध्ये भरपूर बाष्प. मग ढग उंच चढतात आणि गारा धरतात. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात झालेली गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत.

पक्षी बघणाऱ्याला यातून दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली: हे ढग जमीन तापल्यावर वाढतात, म्हणून वादळ बहुतेकदा दुपारी दोन-तीननंतर येतं. हवामान खात्याचा पिवळा, म्हणजे सावध राहण्याचा, इशारा असलेल्या दिवशीही सकाळ अनेकदा मोकळी मिळते. दुसरी: विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचा गार वारा सुटतो आणि रात्रीचं तापमान एकदम खाली येतं. उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्यांसाठी हा समोरचा वारा.

हवामान खात्याचा रंगीत इशारा जिल्ह्यासाठी असतो, तुम्ही उभ्या असलेल्या बांधासाठी नाही. म्हणून आदल्या रात्री जिल्ह्याचा इशारा आणि वाऱ्याची दिशा बघावी, निघताना तीन तासांचा तातडीचा अंदाज बघावा, आणि जागेवर पोचल्यावर रडारचं चित्र. ढगांचा पट्टा कुठल्या दिशेने सरकतो आहे हे लागोपाठच्या तीन-चार चित्रांवरून कळतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते मोबाइलवर असू द्यावं आणि त्याला ठिकाण वापरायची परवानगी दिली आहे ना, हे घरीच तपासावं. माळावर नेटवर्क गेलं की अॅप गप्प बसतं. त्यामुळे कान आणि डोळे उघडे ठेवण्याला पर्याय नाही.

वारा

पावसापेक्षा वाऱ्याकडे जास्त लक्ष द्या. नवशिके नेमके इथेच चुकतात. रिमझिम पावसात पक्षी दिसतात, सोसाट्याच्या वाऱ्यात नाही.

वारा मोजायला यंत्र लागत नाही. बोफर्ट मापनात पानं सळसळली आणि गालाला वारा जाणवला तर दोन नंबर, म्हणजे ताशी 6 ते 11 किलोमीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत असतील तर तीन, 12 ते 19. धूळ आणि कागद उडायला लागले तर चार, 20 ते 28. लहान झाडं डोलायला लागली तर पाच. तीनपर्यंत सगळं सुरळीत चालतं. चारला झुडपातले वटवटे, शिंजीर, चष्मेवाले खाली उतरतात आणि वाऱ्याच्या आडोशाला जातात. त्यांचे आवाजही वाऱ्यात विरतात. अशा वेळी केलेली मोजणी खरी नसते. पक्षी कमी झालेले नसतात, आपल्याला सापडत नसतात. पाचला लहान पक्ष्यांचा नाद सोडावा आणि टेकडीची किंवा उसाची आडबाजू गाठावी.

बसलेला पक्षी चोच वाऱ्याकडे करून बसतो, नाहीतर वारा पिसांत घुसतो. बसल्या जागेवरून उडतानाही तो वाऱ्याच्या तोंडावरच झेप घेतो. म्हणून वारा आपल्या पाठीवर असेल तर पक्षी आपल्याकडे तोंड करून बसलेले मिळतात. त्यात सूर्यही पाठीवर आला तर उत्तमच. देशावर या दिवसांत सकाळी पूर्वेकडचा हलका वारा असेल तर तलावाच्या पूर्व काठावर उभं राहायचं. दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरला की पश्चिम काठ. सकाळी पश्चिम काठावर उभं राहणाऱ्याला उजेड डोळ्यांत घेऊन बदकांच्या शेपट्या बघाव्या लागतात.

परतीचे पाहुणे

पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मंगोलिया, तिबेट, लडाखच्या बाजूला जातात, भोरड्या (गुलाबी मैना) मध्य आशियाकडे. तलवार बदक, थापट्या, भोवत्या, धोबी, सगळ्यांना उत्तर गाठायची असते. उडायच्या आधी ते पोटभर खाऊन अंगावर चरबी साठवतात आणि मोकळ्या आकाशाची, पाठीवरच्या वाऱ्याची वाट बघतात. पुष्कळसे संध्याकाळी किंवा रात्री निघतात.

म्हणून विक्षोभ जाऊन उत्तरेचा गारठा पडला असेल, तर आठवड्यापूर्वी पाहिलेले थवे अजून तिथेच असण्याची शक्यता बरीच. वारा दक्षिणेकडून फिरला आणि दोन रात्री निरभ्र गेल्या की तोच तलाव सकाळी निम्मा रिकामा दिसतो. पट्टकादंब बघायचे असतील तर गारठा ओसरायच्या आत जा.

उजनीच्या भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला आणखी एक हिशेब आहे, पाण्याच्या पातळीचा. धरणातून आवर्तनं सुटू लागली की पाणी मागे हटतं आणि गाळाची जमीन उघडी पडते. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना आणि चिखलातून किडे टिपणाऱ्या तुतवारांना घोट्याएवढं पाणी लागतं. भरपूर पावसाच्या वर्षात गाळ उशिरा उघडा पडतो, म्हणून रोहितही उशिरा दिसतात. निघण्यापूर्वी स्थानिक नावाड्याला फोन करून “पाणी किती उतरलंय?” एवढं विचारलं तरी शंभर किलोमीटरची वायफळ फेरी वाचते.

या काळात पाहुण्यांचा पोशाख बदलतो आणि ओळख अवघड होते. फेब्रुवारीत तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरं असतं, कानाशी फक्त एक गडद ठिपका. मार्चमध्ये त्याच डोक्यावर तपकिरी टोपी चढते. बाकचोच तुतारी राखाडीची विटकरी लाल होते. छोट्या चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा येतो. पिवळ्या धोब्याच्या नराचं डोकं उपजातीनुसार राखाडी, निळसर किंवा काळं होतं. अर्धवट बदललेला पक्षी पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही. तेव्हा रंग बाजूला ठेवून चोचीची लांबी आणि वाक, पायांचा रंग आणि चालण्याची लकब बघावी. चिखल्या धावतो, थांबतो, टिपतो. तुतवार चालता चालता चोच गाळात खुपसत राहतो. हा फरक पोशाख बदलला तरी बदलत नाही.

फुललेलं झाड

फार लांब जायची सोय नसेल तर एक फुललेली काटेसावर पुरते. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांत झाडापासून वीस-पंचवीस मीटरवर, बुंध्याला किंवा भिंतीला टेकून बसा. साळुंक्या, भांगपाडी मैना, कोतवाल, बुलबुल, जांभळे शिंजीर, हळद्या, पोपट, खारी, सगळे एका झाडावर येतात. भोरड्यांचा थवा आला की बाकीच्यांना हुसकावून लावतो.

पाऊस पडला तर गणित बदलतं. काटेसावरीची फुलं वाटीसारखी उघडी असतात. त्यांत पाणी भरतं, मध पातळ होतो, जोराच्या सरीने फुलंच गळतात. गारा पडल्या तर झाड एका दुपारी रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच झाडाखाली बसू नका. जिथे पाऊस चुकला तिकडच्या झाडापाशी जा, किंवा दोन दिवस थांबून कळ्या उमलू द्या. गळलेल्या फुलांकडेही नजर टाका. त्यांवरच्या किड्यांसाठी साळुंक्या आणि सातभाई जमिनीवर उतरतात.

झाडाजवळच हवेचं एक गमतीशीर मापक सापडतं, ते म्हणजे तांबट. गारठा असेपर्यंत तो गप्प असतो. ऊन चढलं की त्याचं टुक-टुक सुरू होतं. ढगाळ, गार सकाळी आवाजावर विसंबून मोजणी केली तर तांबट हमखास कमी भरतात.

माळ आणि गवताळ रान

कडबनवाडी, सासवडच्या बाजूचे माळ, रेहेकुरी. इथे मोठा शत्रू ऊन. जमीन तापली की नऊ-साडेनऊनंतर हवा थरथरायला लागते. जमिनीवर धावणारा धाविक पक्षी दुर्बिणीतून पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. हा भिंगाचा दोष नसतो, पण जास्त वर्धनाने ही थरथर आणखी ठळक दिसते. स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची एका डोळ्याची दुर्बीण) 60 पटीवर असेल तर 20-25 वर आणा, जमिनीला डोळा लावून बघण्याऐवजी उभं राहून किंवा उंचवट्यावरून बघा, आणि लांबचे पक्षी लवकर उरका. ढगाळ सकाळी मात्र ही थरथर कितीतरी उशिरा सुरू होते. म्हणून अंदाजात ढग आहेत पण वारा नाही, असा दिवस माळासाठी राखून ठेवावा. चंडोल, मुरारी, डोंबारी यांची हवेत चढून गायची धांदल अशा दिवशी लांबते.

शिकारी पक्ष्यांचं उलटं आहे. गरुड, भोवत्या, सापमार तापलेल्या हवेच्या प्रवाहावर वर चढतात. निरभ्र दिवशी नऊ-दहानंतर ते उंच घिरट्या घालताना दिसतात. ढगाळ दिवशी हे प्रवाह कमजोर असतात, म्हणून ते खांबावर, ढेकळावर, बांधावर बसून राहतात. तेव्हा आकाश धुंडाळू नका, एकेक खांब तपासा. पांढुरक्या आभाळासमोर उडणारा शिकारी पक्षी नुसता काळा दिसतो. फोटो काढत असाल तर कॅमेऱ्याचं प्रकाशमान (एक्स्पोजर) एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर पोटावरच्या रेघा हाती लागणार नाहीत.

पखुर्ड्या (माळावरचे कबुतरासारखे पक्षी) सकाळी ऊन जरा वर आलं की ठराविक पाणवठ्यावर येतात. कोरड्या दिवसांत ही सोय पक्की. पण अवकाळी पाऊस झाला आणि जागोजाग डबकी साचली, की त्या मिळेल तिथे पाणी पितात आणि पाणवठा ओस पडतो. डबकी आटेपर्यंत चार-पाच दिवस जाऊ द्या.

पाऊस उघडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास मात्र सोडू नका. अडून बसलेले सगळे एकदम बाहेर येतात. बुलबुल आणि मैना डबक्यात अंघोळ करतात, भारद्वाज पंख पसरून झुडपाच्या शेंड्यावर बसतो, तारांवर भिंगऱ्यांच्या रांगा लागतात, कोतवाल वर आलेले किडे टिपतो. ओला पक्षी गडद आणि बारीक दिसतो. त्याच्या आकारावरून ओळखीची घाई करू नका. अंग झटकून पिसं फुलवेपर्यंत थांबा.

खाडी आणि किनारा

ठाण्याची खाडी असो की अलिबागजवळचं आक्षी, इथे आभाळाच्या आधी भरती बघायची. ओहोटीला पक्षी मैलभर पसरतात आणि चिखलात ठिपके होतात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सर्वांत चांगले. कोळ्यांचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेची आणि दुपारची. हा अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होतो. होडीत बसायचं असेल तर त्या दिवसाचा भरतीचा तक्ताच बघावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पार काठाशी येतं आणि बसायला जागा न उरलेले पक्षी मिठागरं किंवा बांध गाठतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी चढणाऱ्या, भरतीला थोडा चिखल उघडाच राहतो, म्हणून ते लांबच थांबतात.

भिंगं, बाष्प आणि धूळ

या हवेसाठी 8×42 ची, म्हणजे आठपट वर्धनाची आणि 42 मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाची, दुर्बीण घ्यावी. 42 ला 8 ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचं वर्तुळ तेवढ्या मिलिमीटरचं असतं. 8×32 मध्ये ते चारच मिलिमीटर. ढगाळ पहाटे झाडीत हा फरक कळतो. दहापट वर्धनाची दुर्बीण वाऱ्यात हात स्थिर राहू देत नाही.

कोकणात एसी गाडीतून उतरून लगेच दुर्बीण डोळ्याला लावली की काचेवर बाष्प धरतं. ते पुसलं तरी परत येतं, कारण काच थंड आहे. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा आणि खिडक्या उघडा. बाष्प बाहेरून असेल तर आपोआप जातं. आतल्या बाजूने दिसलं तर सील गेलं आहे आणि पुढे बुरशी ठरलेली. दुरुस्तीला द्या. घरी परतल्यावर ओली दुर्बीण बंद खोक्यात ठेवू नका. आधी पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. धूळ असेल तर आधी फुंकणीने उडवा, नंतर पुसा. माळावरच्या धुळीत बारीक वाळू असते आणि शर्टाच्या टोकाने पुसलं की काचेवर कायमच्या रेघा पडतात.

थांबायचं कधी

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकटं झाड, तारेचं कुंपण, विजेचा खांब आणि उघडी पत्र्याची शेड हा आसरा नव्हे. तिवई आणि छत्री खाली ठेवा.

तलावात असाल तर ढग काळवंडण्याची वाट बघू नका. वादळाच्या पुढे थंड वाऱ्याचा झोत येतो आणि उजनीसारख्या पसरट जलाशयात काही मिनिटांत लाटा उठतात. 21 मे 2024 रोजी उजनीतच कुगाव ते कळाशी या वाटेवर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. नावाडी नको म्हणाला तर त्याला जादा पैशांचा आग्रह करू नका, आणि जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू नका.

काळ्या मातीच्या पाणंदीवर सरीनंतर गाडी घालू नका, चाकात चिखल भरतो आणि ती जागची हलत नाही. मुरमाचा रस्ता असेल तिथपर्यंत जा, पुढे पायी. जलाशयाच्या गाळावर तर चालूच नका. वरून भेगा पडून वाळलेला दिसतो, खाली मांडीएवढा ओला असतो.

आणि घरटी. मार्चपासून टिटवी, डोंबारी, धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवीची बहुधा चार, खड्यांसारखीच. दुपारच्या उन्हात आई-बाप अंड्यांवर सावली धरून उभे असतात. आपण जवळ गेल्याने ते उठले, तर अंडी तापून आतला जीव मरू शकतो. पावसात आणि गारांत ते अंड्यांवर बसून राहतात, तेव्हा उठवलं तर अंडी भिजून गार पडतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की जिथून आलात त्याच पावलांनी मागे फिरा. फोटोसाठी एक मिनिटही थांबू नका.

गारपिटीनंतर जखमी पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, झाकण लावा, खोकं सावलीत, शांत जागी असू द्या. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पुष्कळसे पक्षी नुसते बधिर झालेले असतात आणि तासा-दोन तासांत सावरतात. खोक्यात धडपड सुरू झाली आणि पाऊस थांबला असेल, तर सापडला त्याच जागी झाकण उघडा. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. वन्यजीव कायद्याने असा पक्षी घरी पाळता येत नाही.

वहीत काय लिहायचं

सुरुवातीची आणि शेवटची वेळ, चाललेलं अंतर, पक्ष्यांची संख्या एवढं बहुतेक जण लिहितात. त्यात तीन गोष्टींची भर घाला: आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी झाकले आहेत तो आकडा, वाऱ्याचा बोफर्ट नंबर आणि दिशा, आणि गेल्या चोवीस तासांत पाऊस किंवा गारा झाल्या का. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर हे टिपणाच्या रकान्यात लिहा. पक्षी दिसले नाहीत त्या दिवसाची यादीही टाका. “8 मार्च, ढग 7/8, वारा 4, वायव्य, काल सायंकाळी गारा, भोरड्या शून्य” अशी एक ओळ वहीत असली, की पुढच्या वर्षी गारा पडल्यावर त्या झाडाकडे जायचं की नाही हे विचारायला दुसऱ्या कुणाकडे जावं लागत नाही.